शाळकरी मुलांचे डोळे : फळा दिसत नाही हे मूल सांगत नाही

वर्गशिक्षिका
नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याकडच्या एका अनुदानित शाळेत चौथीला शिकवते. आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे वर्गाची घडी आता कुठे बसली आहे. कोण कुठल्या बाकावर, कोणाची मैत्री कोणाशी, सगळं ठरलंय. याच दिवसांत मी मुलांच्या डोळ्यांकडे बघायला लागते, आणि तुम्हीही बघावं म्हणून हा धागा काढते आहे.

फळ्यावर ३८ लिहिलं की काहींच्या वहीत ३३ उतरतं. गणिताची रीत बरोबर, उत्तर चूक, कारण आकडाच वेगळा उतरवलेला. शेजारच्याच्या वहीत बघून लिहिणारं मूल कॉपी करतंय असं आपण धरून चालतो. कोणी मान तिरकी करून वाचतं, कोणी उन्हात आलं की एक डोळा मिटतं, कोणी पुस्तक नाकाला लावतं. एखाद्याला चेंडू अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही, मग त्याला कोणी संघात घेत नाही. यातलं एकही मूल ‘मॅडम, मला दिसत नाही’ असं म्हणत नाही. म्हणेल कसं? झाडाची पानं सुटी सुटी दिसतात हे ज्यानं कधी पाहिलंच नाही, त्याला आपलं काही कमी आहे हे कळणार कुठून?

मग वहीत शेरा पडतो, ‘लक्ष नाही’. पालकसभेत तोच शेरा, घरी बोलणी, आणि पुढच्या महिन्यात शिकवणी. माझं कळकळीचं सांगणं आहे की शिकवणी लावण्याआधी डोळे तपासा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतं, त्यात नजरही बघतात. विनाअनुदानित खासगी शाळा यात येत नाहीत. म्हणजे भरपूर फी भरणाऱ्या घरातलं मूल दहावीपर्यंत एकदाही न तपासता राहू शकतं.

घरी एक गोष्ट करता येते. भिंतीवरच्या कॅलेंडरमधले तारखांचे आकडे मोठ्या भावंडाला जेवढ्या अंतरावरून वाचता येतात तिथे मुलाला उभं करा. एक डोळा तळहातानं झाका आणि वाचायला लावा, मग दुसरा. बोटांनी झाकू नका, पोरं फटीतून बघतात. शिवाय डोळा दाबला गेला की सुटल्यावरही थोडा वेळ अंधुक दिसतं. दोन डोळ्यांत फरक पडला किंवा मूल अडखळलं तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. ही काही तपासणी नव्हे, फक्त शंका यावी म्हणून.

तुमचे अनुभव लिहा.

मनीषनगरची_आई
फार वेळेवर धागा काढला मॅडम. माझी मुलगी ८ वर्षांची आहे. चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढला तर मायनस १.२५ आला. दुसऱ्या दुकानात मायनस २. आता कुठला खरा? सासूबाई म्हणतात, दिवसभर चष्मा घातला की डोळ्यांना सवय लागते आणि नंबर वाढतो, म्हणून फक्त शाळेत घालू दे. एकानं असंही सुचवलं की मुद्दाम थोडा कमी नंबरचा चष्मा द्या.

नंबरवाला
ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लहान मुलांच्या डोळ्यांतला फोकस जुळवणारा स्नायू फार जोरकस असतो. मशीनमध्ये बघताना मूल नकळत जवळचं बघितल्यासारखा तो आवळतं आणि मायनस नंबर फुगतो. त्या दिवशी किती आवळला त्यावर आकडा बदलतो. तुमचे दोन आकडे बहुधा यातूनच आले. म्हणून मुलांचा पहिला नंबर डोळ्यात थेंब टाकून, तो स्नायू सैल करून काढायचा असतो. अगदी लहान मुलांना किंवा तिरळेपणा असेल तर डॉक्टर ॲट्रोपिनचं मलम देतात, ते साधारण ३ दिवस घरी लावून मग तपासणीला न्यायचं. शाळकरी मुलांना बहुतेकदा सायक्लोपेंटोलेट किंवा होमॅट्रोपिनचे थेंब पुरतात. थेंबांनंतर बाहुली मोठी राहते, जवळचं वाचता येत नाही आणि ऊन सहन होत नाही. थेंबांचा असर एक ते तीन दिवस, मलमाचा आठवडाभर किंवा जास्तही. म्हणून घटक चाचणीच्या आठवड्यात ही तपासणी ठेवू नका, आणि परत नेताना मुलाला टोपी घाला. मलमानं तोंड लाल झालं, ताप आला तर लावणं थांबवून डॉक्टरांना कळवा.

आता सासूबाईंची शंका. चष्म्यानं नंबर वाढत नाही. मायनस नंबर वाढतो तो डोळ्याचा गोळा लांबत जातो म्हणून, आणि मुलाची उंची वाढते त्या वयात तोही वाढतो. लांबी १ मिलिमीटरनं वाढली तरी नंबर अडीच ते तीननं सरकतो. चष्मा घाला वा न घाला, हे होतं. कमी नंबरचा चष्मा देण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यात नंबर थांबला नाही, उलट जास्त वेगानं वाढल्याचं दिसलं. पूर्ण नंबर द्या. पूर्णवेळ घालायचा की कसं, हे नंबर किती आणि कुठल्या प्रकारचा आहे ते बघून डॉक्टर सांगतील.

आणि वर्षातून एकदा तरी पुन्हा तपासा. मायनस भराभर वाढत असेल तर सहा महिन्यांनी.

मनीषनगरची_आई
धन्यवाद दादा. थेंब टाकून तपासतात हे आम्हाला दोन्ही ठिकाणी कोणी सांगितलंच नव्हतं.

महालचे_आजोबा
आमच्या वेळी वर्गात एखाद्यालाच चष्मा असायचा. गाजर, शेवग्याची पानं, सकाळी गवतावर अनवाणी चालणं, डोळ्यात गुलाबपाणी, कधी मधाचं बोट. आता दुसरीतल्या पोराला चष्मा! आधी हे उपाय करून बघायला काय हरकत आहे?

नंबरवाला
आजोबा, तुमच्या यादीतल्या दोन गोष्टी मी मनापासून उचलून धरतो. शेवगा, गाजर, पालक, पपई यांतून अ जीवनसत्त्व मिळतं. ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो, पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसतात आणि फारच कमी पडलं तर बुबुळ खराब होऊन कायमचा अंधपणा येतो. म्हणूनच सरकारी लसीकरणात ९व्या महिन्यापासून ५ वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे ९ डोस आहेत. लहान नातवंडांचे ते पूर्ण झालेत का, कार्डावर जरूर बघा. पण डोळ्याच्या लांबीमुळे आलेला नंबर गाजरानं जात नाही.

गवतावर चालणं यासाठी चांगलं की त्या निमित्तानं मूल घराबाहेर पडतं. पुढे कोणीतरी याबद्दल लिहीलच.

मध आणि घरचं गुलाबपाणी मात्र कृपा करून डोळ्यात नको. ते निर्जंतुक नसतं. काजळही नको, कित्येक काजळांत शिसं सापडलं आहे.

महालचे_आजोबा
पटलं. कार्ड आजच बघतो.

काटोलकर
माह्या पोराचं सांगतो. गावच्या जिल्हा परिषद शाळेत ते पथक आलं होतं, मॅडमनं वर लिवलं तेच. त्या ताईनं त्याचा उजवा डोळा झाकला तं पोरगं एकदम गप. भिंतीवरचं मोठ्ठं अक्षरबी दिसेना. आम्ही म्हनलं लाजून राह्यला. मंग डावा झाकला तं सारं घडाघडा वाचलं. सहा वर्साचं होतं तवा. घरी आम्हाले कधी पत्ताच लागला नाही, कारन दोन्ही डोये उघडे असले की त्याचं काहीच अडत नव्हतं. सायकल चालवे, पतंग उडवे.

नागपूरले मेडिकलमधी, म्हंजे सरकारी दवाखान्यात, दाखवलं. डाव्या डोयाले मोठा प्लस नंबर निंघाला. डॉक्टर म्हने, डोया आळशी झाला, मेंदूनं त्याच्याकडून काम घेनंच सोडून देल्लं. चष्मा देल्ला आन् चांगल्या डोयाले पट्टी. पयले पयले पट्टी लावली की पोरगं रडे, भिंतीले धडके. मायनं एक युक्ती काढली. संध्याकायी पट्टी लावून त्याले तुरीतले खडे निवडाले बसवे, नाही तं चित्रं रंगवाले. शायेत पट्टी नाही, घरीच, तसं डॉक्टरले इचारूनच केलं. ६/६० होतं, म्हंजे साठ मीटरवरून दिसाले पायजे ते सहा मीटरवरून दिसे, ते आता ६/१२ पर्यंत आलं.

कोनी सांगन की पट्टीनं चांगला डोया खराब होते, तं आयकू नका. डॉक्टर त्याचीबी तपासनी करतच राह्यते.

वर्गशिक्षिका
काटोलकर भाऊ, हे लिहिलंत हे फार बरं केलं. दोन डोळे वेगवेगळे तपासा असं मी का म्हणते, ते तुमच्या लेकाच्या गोष्टीवरून कोणालाही कळेल.

हिंगणा_रोड
माझा भाचा १० वर्षांचा आहे, त्यालाही हेच निघालं. डॉक्टर म्हणाले उशीर झाला. काहीच होणार नाही का?

डॉ_वाचक
मी नेत्रतज्ज्ञ आहे, इथे बहुतेक वेळा नुसती वाचते.

आळशी डोळ्यावर सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर सर्वांत चांगलं, कारण त्या वयापर्यंत मेंदूतली नजरेची जडणघडण चालू असते. पण १० वर्षं म्हणजे दार बंद असं नाही. ७ ते १२ वयोगटातल्या मुलांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, त्यात चष्मा आणि पट्टी दिलेल्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांची नजर सुधारली. पूर्ण ६/६ होईल असं वचन कोणी देऊ नये, पण प्रयत्न न करण्याचं कारण नाही. पट्टी किती तास, हे डोळा किती मागे आहे त्यावर ठरतं. मध्यम असेल तर रोज दोन तासही पुरतात. मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स, नागपूरच्या यांपैकी कुठल्याही सरकारी रुग्णालयात नेत्र विभागात दुसरं मत घ्या. जुने कागद आणि आधीचा चष्मा सोबत न्या.

आता आले आहे तर मला सगळ्यात जास्त जे टोचतं ते लिहिते. नंबरांबद्दल पालक निदान विचारतात. डोळ्यांच्या खाजेबद्दल कोणी विचारत नाही, सरळ औषधाच्या दुकानातून थेंब आणतात.

आपल्याकडचा कोरडा उन्हाळा, धूळ, गरम वारा. या हवामानात शाळकरी मुलांना, त्यातही मुलग्यांना, डोळ्यांची एक हट्टी ॲलर्जी होते. साधारण ५ ते १५ वर्षं हे तिचं वय. प्रचंड खाज, उजेड सहन न होणं, डोळ्यातून दोऱ्यासारखी चिकट तार निघणं, पांढरा भाग मळकट तपकिरी दिसणं. वरची पापणी उलटली की आत खडबडीत पुटकुळ्या दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये चढते, काहींना बाराही महिने राहते. वयात आल्यावर बहुतेकांची आपोआप शमते, तोवर डोळा सांभाळायचा असतो.

दुकानातले जे थेंब टाकल्याबरोबर जादूसारखा आराम पडतो, त्यांत बहुतेकदा स्टेरॉइड असतं. बाटली हातात घ्या आणि वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड. ते वाईट औषध नाही, आम्हीही देतो, पण मोजून, थोडे दिवस आणि डोळ्याचा दाब मोजत. तीच बाटली महिनोन्‌महिने चालली की काही मुलांचा दाब वाढतो, आणि तो वाढलेला कळतच नाही. दुखत नाही, लाल होत नाही. काचबिंदू होऊन नस वाळते, किंवा शाळेच्या वयात मोतीबिंदू होतो. मोतीबिंदू काढता येतो, वाळलेली नस परत येत नाही. खाजेसाठी उपचाराला आलेला मुलगा कडेची नजर गमावून बसलेला बघणं, यासारखं दुःख आमच्या कामात दुसरं नाही. टाळता आलं असतं म्हणून जास्त.

दुसरी गोष्ट, चोळणं. मुठींनी डोळे रगडणाऱ्या मुलांचं बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ शकतं. सिलिंडर नंबर दर खेपेला वाढतोय, चष्मा बदलूनही नीट दिसत नाही, असं झालं तर बुबुळाचा नकाशा काढून घ्या. वेळेत कळलं तर अतिनील किरणांच्या उपचारानं (क्रॉस-लिंकिंग) ते तिथेच थांबवता येतं.

खाज आली की थंड पाण्यानं चेहरा धुवा, रुमालात बर्फ गुंडाळून मिटलेल्या पापणीवर ठेवा. ॲलर्जीचे बिनस्टेरॉइड थेंब आहेत, जास्त त्रास असणाऱ्यांसाठी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस आहे. सगळं डॉक्टरांना दाखवून.

वाडीचा_बाप
डॉक्टर मॅडम, वाचून आत्ता फ्रिजमधली बाटली बघितली. डेक्सामेथासोन लिहिलंय. मुलगा ११ वर्षांचा. मागच्या उन्हाळ्यात चिठ्ठीवर लिहून दिली होती, नंतर मेडिकल स्टोअरवाला नुसतं नाव सांगितलं की देतो. आज लगेच बंद करू?

डॉ_वाचक
घाबरू नका. स्वतःहून एकदम बंद केले तर ॲलर्जी उसळू शकते. उद्या किंवा परवा बाटली घेऊन नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि दोन गोष्टी स्वतः मागून घ्या, डोळ्याचा दाब मोजणं आणि नस तपासणं. कमी कसे करायचे ते तिथेच सांगतील. दाब ठीक निघाला तरी दुकानातून परस्पर पुन्हा आणू नका.

वाडीचा_बाप
जातो. आभारी आहे.

वर्धमाननगर_४५अंश
दोन तास मैदानावर सोडलं की मायनस नंबर लागत नाही असं सगळीकडे वाचतो. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत लेकरू बाहेर कसं पाठवायचं?

नंबरवाला
रास्त प्रश्न. आधी त्यामागचं कारण सांगतो, म्हणजे मार्ग सापडेल. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन सुटतं आणि ते डोळ्याचं लांबणं आवरतं, असं आजवरच्या संशोधनातून दिसतं. घरात ट्यूबलाइटखाली ३०० ते ५०० लक्स उजेड असतो, बाहेर उघड्यावर १०,००० लक्सच्या वर सहज जातो. झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीतही घरापेक्षा कितीतरी पट जास्त. म्हणजे ऊन अंगावर घ्यायचं नाहीच, फक्त आभाळाखाली असायचं. उन्हाळ्यात सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, रेशीमबागेचं मैदान, नाही तर आपल्याच लेआउटमधली बाग. टोपी घातली तरी फायदा जात नाही. पावसाळ्यात आणि थंडीत तर आपल्याकडे दुपारही मोकळी असते, ते आठ महिने वाया घालवू नका.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर ३ वर्षं प्रयोग झाला, २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही शाळांत रोज ४० मिनिटं जास्तीचा मैदानी तास ठेवला. तिथे ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. फक्त ४० मिनिटांनी एवढा फरक. तैवाननं तर २०१० पासून शाळांत रोज १२० मिनिटं बाहेर काढण्याचं धोरणच आखलं. मात्र लक्षात घ्या, याचा फायदा चष्मा लागण्याआधी जास्त. लागलेला नंबर यानं उतरत नाही.

वर्गशिक्षिका
आणि तरी शाळांत पहिला बळी खेळाच्या तासाचाच. अभ्यासक्रम मागे पडला की पीटीचा तास गणिताला. मी स्वतः मुख्याध्यापकांकडे हा विषय मांडणार आहे. पालकांनीही सभेत विचारा ना, आठवड्यात मैदानाचे तास किती आणि प्रत्यक्षात किती झाले.

मनीषनगरची_आई
मोबाइलचं काय? निळा उजेड अडवणाऱ्या काचेचा चष्मा घ्यावा का? दुकानदार म्हणतो हजारेक रुपये जास्त.

डॉ_वाचक
गरज नाही. २०२३ साली या काचांवरच्या सगळ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात डोळ्यांचा ताण कमी झाल्याचं आढळलं नाही. त्रास होतो तो तासन्‌तास जवळ बघण्यानं आणि पापण्या न मिटण्यानं. पुस्तकही नाकाला लावलं तर तेच. हातभर अंतर, २० मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेर २० फुटांपलीकडे २० सेकंद बघणं, एवढं पाळा. सिनेमा दाखवायचाच तर मोबाइलऐवजी टीव्हीवर. दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नकोच.

नंबर दरवर्षी अर्ध्यानं किंवा जास्त वाढत असेल तर ते हजार रुपये वेगळ्या ठिकाणी घाला. कमी ताकदीचे ॲट्रोपिन थेंब रात्री झोपताना, किंवा नंबरवाढ रोखणाऱ्या खास काचा, दोन्ही आता मिळतात. यांनी वेग कमी होतो, नंबर जात नाही. आईवडील दोघांनाही मायनस असेल किंवा बाळ कमी दिवसांचं जन्मलं असेल तर आधीपासूनच लक्ष ठेवा. मायनस ६ च्या पुढे गेलं की मोठेपणी डोळ्याचा पडदा सुटण्याचा धोका वाढतो, म्हणून ही धडपड.

काटोलकर
एक राह्यलंच. आपल्याकडं खर्रा खाणाऱ्याच्या घरी चुन्याची पुडी नाही तं ट्यूब पडलीच राह्यते. आमच्या शेजारच्या पोरीनं दाबली आन् फचकन डोयात.

डॉ_वाचक
अत्यंत महत्त्वाचं. चुना डोळ्यात गेला तर दवाखाना शोधू नका, आधी नळाखाली धरा. पापण्या उघडून निदान २० मिनिटं साधं पाणी सोडत राहा, चुन्याचे कण दिसले तर ओल्या कापसानं काढा, मग रुग्णालय. पहिल्या काही मिनिटांतल्या पाण्यावर डोळा वाचतो. विटी, फटाका किंवा टोकदार वस्तू लागून जखम झाली असेल तर याच्या उलट. धुवायचं नाही, चोळायचं नाही, वरून दाब न देता वाटीसारखं काही झाकण ठेवून थेट रुग्णालयात.

उमरेड_माय
आमच्याकडे अडचण निराळीच. मुलगी सातवीत आहे, नंबर निघाला. घरचे म्हणतात पोरीच्या जातीला चष्मा नको, पुढे स्थळ येताना अडचण. ती शाळेत काढून दप्तरात ठेवते. मी कोणाला समजावू?

वर्गशिक्षिका
ताई, घरातल्या ज्याचा शब्द चालतो त्याला तपासणीच्या वेळी सोबत न्या. डॉक्टरांना सांगा, मुलीला बिनचष्म्याचं जेवढं दिसतं तेवढं यांना दाखवा. चौकटीत उलट्या नंबरची काच घालून ते दाखवता येतं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी असं बघितलं आणि तिथेच चष्म्याची ऑर्डर दिली. स्थळ यायला अजून कितीतरी वर्षं आहेत आणि अठरा पूर्ण झाल्यावर, नंबर स्थिरावला की लेसरचा पर्याय तपासता येतो. आठवी, नववी, दहावी मात्र आत्ताच येणार आहेत, आणि त्या तिला फळा न दिसता काढाव्या लागतील. हे त्यांना याच शब्दांत सांगा. माझं नाव सांगून सांगा हवं तर.

आणि चौकट तिला स्वतःला निवडू द्या. तिच्या आवडीची असेल तर दप्तरात जाणार नाही.

नंबरवाला
चौकटीबद्दल थोडं. नाकावरून घसरत नसेल अशी घ्या, कारण घसरली की मूल वरून बघतं. काच पॉलिकार्बोनेटची मागा, चेंडू लागला तरी सहसा फुटत नाही. खेळणाऱ्या मुलीला मागून पट्टा लावून द्या. सुती ओढणीनं कोरडी काच पुसली की ओरखडे पडतात. आधी पाण्याखाली धरायची, मग मऊ कापड.

उमरेड_माय
रविवारी तिच्या आजोबांनाच घेऊन जाते चौकट घ्यायला. तेच सगळ्यात जास्त विरोधात आहेत.